टोकाचा माज

मुद्दा आधीच सांगून टाकतो. ज्या लिव्हर-ॲक्शन रायफलीत काडतुसं नळीच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक भरली जातात, तिच्यात गोळी बोथट हवी. सपाट टोकाची, गोल खांद्याची, दिसायला ओबडधोबड. हे दीडशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. ज्यांनी या रायफली घडवल्या त्यांनीच ते ठरवलं आणि त्यानंतर कोणत्याही शहाण्या माणसानं ते उलटवलेलं नाही. खरं तर वाद इथंच संपायला हवा. पण तो संपत नाही, कारण आपल्या नगर जिल्ह्यात बंदूकपंडित नावाची जमात सुखानं नांदते आहे.

ही जमात तुम्ही पाहिलेली आहे. लग्नाच्या मांडवात, ढाब्याच्या बाजेवर, कारखान्याच्या निवडणुकीच्या धामधुमीत ती हमखास भेटते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण या मंडळींच्या ज्ञानात तसूभर फरक पडला नाही. लिव्हर-ॲक्शन रायफल आपल्याकडे शोधून सापडायची नाही. परवानाधारकाकडे असते ती बाराबोरी, नाहीतर .३१५ ची रायफल, फार तर .३२ चं रिव्हॉल्व्हर. मत मात्र प्रत्येकाकडे भरलेलं, घोडा चढवलेलं आणि सुटायला टपलेलं. 'भाऊ, गोळी जितकी टोकदार तितकी भारी. साधं गणित आहे.' गणित साधंच आहे, पण ते या भाऊंनी कधी मांडून पाहिलेलं नाही.

भाऊंचं सगळं शिक्षण पडद्यावरचं. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेन रायफल एका हातानं गरकन फिरवतो आणि लिव्हर चढवतो. कथा १८८० सालची, हातातली विंचेस्टर १८९२ सालची. खुद्द सिनेमावाल्यांनी रायफल बारा वर्षं आधीच जन्माला घातली, तिथं आमचे पंडित तिच्या पोटात काय चालतं हे कुठून जाणणार? त्यांना दिसतं ते लिव्हरचं खाली-वर होणं. त्या एका हालचालीत किती गोष्टी वेळेवर आणि जागेवर घडाव्या लागतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

त्यांच्या मतातली विसंगती पाहा. पहिल्या श्वासात सांगतील, 'विंचेस्टर कधी अडकत नाही, म्हणून तर लाखांनी खपली.' बरोबर. जॉन ब्राउनिंगनं रचलेलं १८९४ चं मॉडेल सत्तर लाखांहून जास्त बनलं, ते उगाच नाही. दुसऱ्या श्वासात म्हणतील, 'पण त्यात टोकदार गोळी घातली पाहिजे.' तिसऱ्या श्वासात, 'अडकते हो, जुना माल आहे.' अहो, ती अडकत नव्हती ती बोथट गोळीच्या जोरावर! जिच्यामुळे कीर्ती मिळाली ती गोळी बदलायची आणि मग बदनामी रायफलीच्या माथी मारायची, हा कुठला न्याय?

आता आत काय घडतं ते पाहू. विंचेस्टर १८७३, १८९२, १८९४, मार्लिन ३३६ या सगळ्यांत मॅगझिन म्हणजे बॅरलखालची एक लांब नळी. तिच्यात काडतुसं रांगेनं आडवी पडतात, गोळीचं टोक पुढं, बूड मागं. नळीच्या पुढच्या टोकाला असलेली स्प्रिंग सगळी रांग मागं, चेंबरच्या दिशेनं रेटत असते. म्हणजे प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, अगदी मधोमध टेकलेलं. आणि बुडाच्या मधोमध काय असतं? प्रायमर. ठोसा बसला की पेट घेणारा. बार उडाला की रायफल खांद्यावर मागं आदळते, नळीतली अख्खी रांग हिसका खाते आणि प्रत्येक टोक समोरच्या प्रायमरवर आपटतं. सपाट टोक असेल तर तो आघात रुंद जागेवर पसरतो आणि काही होत नाही. तिथं कठीण, अणकुचीदार टोक ठेवलं म्हणजे प्रत्येक काडतुसामागे एकेक फायरिंग पिन बसवली. मग एक बार चेंबरमध्ये आणि दुसरा नळीत. ती नळी असते कुठं? रायफल पेलणाऱ्या डाव्या तळहाताच्या आत. टोकदार गोळीचं 'साधं गणित' ते हेच.

'पण .२२ च्या नळीत तर गोल टोकाच्या गोळ्या चालतात की!' चालतात. कारण .२२ रिमफायरमध्ये पेटणारा मसाला बुडाच्या कडेला असतो, मध्यभागी नसतो. टोक टेकतं तिथं पेटण्यासारखं काही नाही. अर्धं उदाहरण घेऊन पूर्ण सिद्धांत ठोकणं ही या जमातीची जुनी खोड आहे.

टोकदार गोळी आणि नळीची मॅगझिन यांचा संसार एकदा एका अख्ख्या राष्ट्रानं मांडून पाहिला. फ्रान्सनं १८८६ मध्ये लेबेल रायफल घेतली. धूरविरहित दारूवर चालणारी ती जगातली पहिली लष्करी रायफल. ती बोल्टवर चालणारी, पण मॅगझिन नळीची, आठ काडतुसांची. म्हणून फ्रेंचांनी तिची पहिली गोळी मुकाट सपाट टोकाची केली. पुढं १८९८ मध्ये त्यांनी 'बाल डी' ही टोकदार पितळी गोळी आणली, तेव्हा काय काय करावं लागलं? काडतुसाच्या बुडावर प्रायमरभोवती गोल खाच कोरावी लागली, मागच्या गोळीचं टोक प्रायमरवर न येता त्या खाचेत बसावं म्हणून. शिवाय प्रायमरवर फुगीर कवच. एका टोकासाठी काडतुसाचं बूड नव्यानं घडवावं लागलं! आणि आमचे भाऊ म्हणणार, 'टाका, काय होतंय?' सैन्य, कारखाने आणि अभियंते पदरी असलेल्या देशाला जे सावरून घ्यावं लागलं, ते हे दोन बोटांच्या चिमटीत आणि चहाच्या एका घोटात उरकणार.

बार नळीत फुटला नाही असं समजू. तरी गोळीचा प्रवास संपत नाही. पंडित जिथं अधिकच गप्प व्हायला हवेत, तिथं ते अधिकच बोलतात, म्हणून हेही सांगतो. नळीतून काडतूस येतं ते कॅरियरवर, म्हणजे त्याला वर उचलून चेंबरसमोर नेणाऱ्या भागावर. १८७३ च्या मॉडेलमध्ये हा कॅरियर म्हणजे पितळेचा ठोकळा, लिफ्टसारखा सरळ वर जाणारा. त्यात काडतूस लांबीला तंतोतंत बसावं लागतं. जास्त लांब झालं तर त्याचंच टोक नळीत अडकून राहतं आणि ठोकळा उचलत नाही. फार आखूड झालं तर मागोमाग येणाऱ्याची कड ठोकळ्यात शिरते आणि तेव्हाही तो उचलत नाही. .४४-४० च्या काडतुसाची कमाल लांबी साधारण ४०.४ मिलिमीटर. यंत्र या मापाभोवती रचलेलं आहे. गोळीचं नाक लांबवून ते माप मोडायचं आणि मग 'लिव्हर जाम झाली' म्हणून मूठ आपटायची, याला अडाणीपणा म्हणतात.

१८९२ आणि १८९४ च्या मॉडेलांत, तसंच मार्लिनमध्ये, कॅरियर तिरपा उठतो. काडतुसाचं नाक वर करून तो ते चेंबरच्या तोंडाशी धरतो आणि बोल्ट मागून ढकलतो. नाक चेंबरच्या कडेवर घासत आत शिरतं. इथं आकाराला खरा अर्थ येतो. गोल खांद्याची, सपाट टोकाची गोळी त्या कडेवरून अलगद घसरते. तिरप्या बाजूंची, शेंडा कापलेल्या शंकूची गोळीही बहुधा जाते. पण एल्मर कीथ या अमेरिकन बंदूकबाजानं रिव्हॉल्व्हरसाठी लोकप्रिय केलेल्या गोळीला मध्येच धारदार काटकोनी खांदा असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये ती उत्तम, कारण तिथं काडतूस आधीच आपल्या घरात बसलेलं असतं, त्याला कुठून कुठं जायचंच नसतं. लिव्हर रायफलीत तोच खांदा चेंबरच्या कडेला अडतो. काही रायफली ती गिळतात, काही नाही. एकाच काडतुसावर रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्ही चालवण्याची हौस जुनी आहे, चांगलीही आहे. पण तसं करणाऱ्यानं गोळी रायफलीला विचारून निवडावी, कारण दोघींत नखरे तिचेच जास्त.

आणखी एक गोष्ट, जी पंडितांच्या प्रवचनात कधीच येत नाही: घट्ट मुरड. पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत नीट वळवून दाबलेलं नसेल, तर स्प्रिंगचा रेटा आणि बाराचा हिसका यांनी गोळी हळूहळू पुंगळीत मागं सरकते. लांबी बिघडते, आतला दाब बिघडतो. टोकावर तासभर व्याख्यान झोडणाऱ्यांना गोळी पुंगळीत कशानं टिकून राहते, एवढंही विचारावंसं वाटत नाही.

पंडितांच्या बाजूचं एक सत्यही आहे. ते त्यांना माहीत नाही, म्हणून मीच सांगतो. टोकदार गोळी चालवणाऱ्या लिव्हर रायफली आहेत. ब्राउनिंगचीच विंचेस्टर १८९५ घ्या. तिच्यात नळी नाही, पोटाखाली पेटीची मॅगझिन आहे, काडतुसं एकावर एक रचलेली. टोक कुणाच्याही प्रायमरला शिवत नाही. पहिल्या महायुद्धात झारच्या रशियानं या रायफली आपल्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी लाखांनी मागवल्या. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजनं १८९९ च्या मॉडेलात फिरती मॅगझिन बसवली, प्रत्येक काडतुसाला स्वतःचा खण. टोकदार गोळी खुशाल चालवा. मतलब काय? टोक हवं होतं तर या लोकांनी आधी मॅगझिन बदलली. गोळीचा मार्ग नवा आखला, मग गोळीचा आकार बदलला. आमच्या भाऊंना मार्ग जुना ठेवून आकार नवा हवा आहे. आणि गंमत ऐका. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा हीच १८९५ रायफल .४०५ च्या काडतुसात घेऊन गेले. पेटीची मॅगझिन असूनही त्या काडतुसाची गोळी बोथट गोल नाकाचीच होती. सिंहांनी काही तक्रार केली नाही.

या शतकात अमेरिकेच्या हॉर्नाडी कंपनीनं नळीसाठीही टोकदार गोळी काढली, मऊ रबरासारख्या पॉलिमरच्या शेंड्याची. दाबला की दबतो, प्रायमरला टोचत नाही. हुशार काम आहे. पण .४५-७० सारख्या काही काडतुसांत त्यासाठी पुंगळी आखूड करावी लागली, एकूण लांबी मापात राहावी म्हणून. जो कोणी हे काम जबाबदारीनं करतो, तो मॅगझिनला आणि कॅरियरला नमस्कार करूनच पुढं जातो.

'पण टोकदार गोळी लांब जाते!' हा शेवटचा बाण. जाते, हवा कमी कापावी लागते म्हणून. तीनशे-चारशे मीटरवर फरक मोठा पडतो, कबूल. पण १८९४ मॉडेलच्या थर्टी-थर्टी काडतुसाची १७० ग्रेनची गोळी बॅरलमधून सुटते तीच सेकंदाला साधारण ६७० मीटर वेगानं, आणि ही रायफल जन्मली जंगलातल्या शंभर-दीडशे मीटरच्या नेमासाठी. तेवढ्या टप्प्यात सपाट नाकानं फारसं काही बिघडत नाही, उलट लक्ष्यावर बसणारा तडाखा जास्त खणखणीत असतो. चारशे मीटरवर नेम धरायचा असेल तर दुसरी रायफल घ्या. बैलगाडीला विमानाचं नाक बसवून ती लोहगावला उतरत नाही.

आणि टोकाशिवाय नेम लागत नाही म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरकडं पाहावं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. ती स्पर्धा .२२ वर खेळली जाते. शिशाची, बोथट, गोल नाकाची गोळी. १० मीटर एअर रायफलचा छर्रा तर पुढून चक्क सपाट असतो, कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. ऑलिम्पिकचं पदक बोथट शिशानं मिळतं, आणि इकडं ज्यांनी आयुष्यात कागदाला भोक पाडलेलं नाही, त्यांना बोथट गोळी कमीपणाची वाटते.

हे सगळं नगरच्या माणसाला सांगावं लागतं, याचा मला खरा राग आहे. मारा करणाऱ्या वस्तूचा आकार आणि तो भरण्याचा मार्ग यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगला जिल्हा कुठला? १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या काळात मलिक-ए-मैदान ही तोफ याच शहरात ओतली गेली. लांबी साडेचार मीटरच्या घरात, वजन पंचावन्न टनांच्या आसपास. १६३२ मध्ये परांड्याहून ती विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. अशा तोफा तोंडाकडून भराव्या लागतात, म्हणून त्यांना काहीही चालतं. तालिकोटच्या लढाईत, १५६५ मध्ये, निजामशाही तोफखान्यानं तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून डागल्याचं इतिहासकार फरिश्ता लिहितो. हा फरिश्ता नगरच्याच दरबारात वाढलेला. नाणी कुठल्या आकाराची होती हे कुणी विचारलं नाही, कारण त्यांना मॅगझिनमधून जायचं नव्हतं. उघड्या तोंडाच्या तोफेला जे जमलं, ते कॅरियर असलेल्या रायफलीला जमत नाही.

दुसऱ्या टोकाला आजचं नगर पाहा. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथं आहे. रणगाड्यांची माणसं इथं घडतात. टी-७२ मध्ये, म्हणजे आपल्या अजेयमध्ये, गोळा भरायला माणूस नाही, स्वयंचलित यंत्रणा आहे. म्हणून त्या रणगाड्यात तीनच शिपाई. त्या यंत्रणेच्या गोल फिरत्या ताटात बावीस फैरी राहतात, गोळा वेगळा आणि दारू वेगळी, दोन तुकड्यांत. चिलखत भेदणारा लांब बाण त्या ताटाच्या मापाहून लांब करता येत नाही. लांब बाण चिलखतात जास्त खोल शिरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्याच्या लांबीवर बंधन घालते ती भरण्याची यंत्रणा. अर्जुन रणगाड्यात भरणारा चौथा माणूस आहे, म्हणून तिथलं गणित वेगळं. सव्वाशे मिलिमीटरच्या तोफेला जो नियम मान्य आहे, तो सात-आठ मिलिमीटरच्या रायफलीनं मोडावा, अशी आमच्या पंडितांची अपेक्षा. रणगाडे ज्यांच्या शेतांच्या शेजारून धडधडत जातात, त्यांची ही समज!

कुणी म्हणेल, जिथं लिव्हर रायफलच नाही तिथं एवढं चिडायचं कशाला? चिडायचं, कारण धोका नेमका दुर्मिळतेतच आहे. कुठल्या तरी वाड्यात, कुठल्या तरी जुन्या परवान्यावर एखादी विंचेस्टर निघते. आजोबांची. तिची काडतुसं बाजारात सहज मिळत नाहीत. आपल्याकडचा मोठा माल खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, १८६९ पासूनचा, बुडावर केएफ अक्षरं असलेला, आणि तो मुख्यतः .३१५, .३२ असल्या ठराविक मापांचा. परवान्याशिवाय काडतुसं बनवायला कायद्याची परवानगी नाही, शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि तो स्पष्ट आहे. अशा अनाथ रायफलीला जेव्हा चार-दोन काडतुसं मिळतात, तेव्हा मालकाला खऱ्या माहितीची गरज असते: कुठली गोळी, कुठल्या नाकाची, कुठल्या लांबीची. आणि नेमका तेव्हाच भाऊ बाजेवरून उठतो आणि आपलं ज्ञान पाजळतो. चुकीचा सल्ला तलाठी कार्यालयात दिला तर हेलपाटा पडतो. इथं हात जातो.

आणि .३१५ वाल्यांनी गालात हसू नये. तुमचं काडतूसही जुन्या ८ मिलिमीटर मानलिखरवरून उतरलेलं, गोल नाकाचं. साहेबाच्या राज्यात लष्करी मापाची हत्यारं नागरिकांना नकोत म्हणून जन्मलेलं. त्याचं बोथट नाक पेटीच्या मॅगझिनमधून दशकानुदशकं विनातक्रार चेंबरमध्ये शिरतं आहे. ते टोकदार का नाही म्हणून कुणाचं पीक बुडाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तेव्हा काम सोपं आहे. रायफल हातात आली तर आधी मॅगझिन पाहा. नळी असेल तर सपाट किंवा रुंद बोथट नाक, गोल खांदा, घट्ट मुरड आणि त्या मॉडेलच्या मापातली लांबी. मऊ शेंड्याची गोळी घ्यायचीच असेल, तर नळीसाठी बनवल्याचं डब्यावर लिहिलेलं असेल तरच. पेटी किंवा फिरती मॅगझिन असेल तर टोकाला मोकळीक. काडतुसं परवानाधारक दुकानातून, आणि जुनी रायफल असेल तर आधी जाणत्या आर्मररकडून तपासून. पुढं कुणी बंदूकपंडित मध्ये तोंड घालू लागला तर त्याला एकच प्रश्न विचारा: भाऊ, नळीत गोळीचं टोक कशावर टेकतं? उत्तर आलं नाही, तर रायफल त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि त्याच्याशी उसाच्या भावावर बोला.